पाऊस पूर्वेचा, पूर उत्तरेचा

सप्टेंबरचा शेवटचा आठवडा. दक्षिण गडचिरोलीतल्या अहेरीच्या आसपासच्या बांध्यांत हलका धान पिवळा पडू लागलेला असतो, भारी धान नुकता निसवत असतो आणि घराघरांत एकच खल चाललेला असतो: कापायचा, की आठ दिवस थांबायचे? नेमकी तेव्हाच टीव्हीवर बातमी येते की मान्सूनचा परतीचा प्रवास सुरू झाला. बातमी खरी असते, पण ती राजस्थानची असते. हवामान खात्याने २०२०मध्ये सुधारलेल्या तारखांप्रमाणे मान्सून पश्चिम राजस्थानातून साधारण १७ सप्टेंबरला पाय काढतो आणि सबंध देशाबाहेर पडायला त्याला १५ ऑक्टोबर उजाडतो. या वाटेवर गडचिरोली-चंद्रपूरचा नंबर ऑक्टोबर लागल्यावरच येतो. तिकडे जैसलमेरला धूळ उडत असताना इकडे हस्ताच्या सरी कोसळत असतात, आणि त्यात काही चुकीचे नाही.

म्हणून या आठवड्याचा अंदाज वाचायचा तर आधी नकाशा नीट पाहावा लागतो. अहेरी ८० अंश रेखांशाला जवळपास चिकटून आहे. मुंबईचा समुद्र इथून सरळ रेषेत साडेसातशे किलोमीटर दूर. काकीनाडा-विशाखापट्टणमचा किनारा मात्र साडेतीनशे ते चारशे किलोमीटरवर. राज्याची राजधानी पश्चिमेला असली तरी अहेरीच्या पावसाची राजधानी पूर्वेला, बंगालच्या उपसागरात आहे. मराठी वाहिन्यांवरचा अंदाज कोकण, पुणे, मराठवाडा करत विदर्भापर्यंत येतो तोवर वेळ संपते, आणि 'विदर्भात तुरळक ठिकाणी पाऊस' एवढ्या एका वाक्यात बुलढाण्यापासून सिरोंच्यापर्यंतचा मुलूख आटोपतो. अहेरीच्या माणसाने त्यापेक्षा तेलंगण आणि बस्तरच्या बातम्या पाहाव्यात. उपसागरात कमी दाबाचे क्षेत्र तयार झाले, ते आंध्र-ओडिशाच्या किनाऱ्याकडे सरकते आहे, एवढे कळले तरी पुढच्या चार दिवसांचे निम्मे भाकीत हाती येते.

२०२१चा दाखला घेऊ. त्या वर्षी २५ सप्टेंबरच्या संध्याकाळी उपसागरात 'गुलाब' नावाचे चक्रीवादळ तयार झाले. २६ तारखेच्या संध्याकाळी ते आंध्रच्या उत्तर टोकाला कलिंगपट्टणमजवळ किनाऱ्यावर आले. किनारा ओलांडला की वादळाचा जोर ओसरतो, हे खरे. पण ओसरतो तो वाऱ्याचा जोर. पोटातले पाणी तसेच राहते. गुलाबचा उरलेला कमी दाब तेलंगण, विदर्भ, मराठवाडा असा पश्चिमेकडे चालत गेला आणि वाटेत पाणी ओतत गेला. २८ सप्टेंबरला यवतमाळ जिल्ह्यात उमरखेडजवळ दहागावच्या नाल्याला पूर आला होता, पुलावरून पाणी वाहत होते, आणि त्यात घातलेली एसटी बस वाहून गेली; माणसे दगावली. पुढे हाच कमी दाब अरबी समुद्रात उतरला, तिथे पुन्हा बळ धरून १ ऑक्टोबरला 'शाहीन' या नव्या नावाचे चक्रीवादळ झाला आणि ओमानकडे गेला. पूर्व किनाऱ्यावर जन्मलेला पाऊस दोन दिवसांत उमरखेडला पोहोचतो, तर अहेरी त्याला वाटेतच लागते. 'वादळ शमले' ही बातमी ऐकून निर्धास्त होण्याची चूक इथल्या माणसाला परवडणारी नाही. वादळ किनाऱ्यावर शमले की त्याचा पाऊस अहेरीच्या वाटेला लागतो.

आता अंदाजाचा कागद. नागपूरचे प्रादेशिक हवामान केंद्र रोज विदर्भाचा जिल्हावार अंदाज आणि इशारे देते. सात दिवसांचा तक्ता समोर आला की सगळे रकाने सारख्याच विश्वासाने वाचू नयेत. पहिले तीन दिवस भरवशाचे. चौथा-पाचवा दिवस बेत आखण्यापुरता. सहावा-सातवा नुसता कानोसा. सोमवारच्या तक्त्यात रविवार कोरडा दिसला म्हणून रविवारी मळणीयंत्र ठरवून टाकायचे नाही. गुरुवारी पुन्हा पाहायचे. आठवड्याच्या पलीकडचे पाहायचे असेल तर खाते दर गुरुवारी चार आठवड्यांचा विस्तारित अंदाज देते. त्यातून पाऊस सरासरीपेक्षा जास्त की कमी एवढा कल कळतो. अमुक दिवशी पडेल का, हे त्याला विचारू नये.

शब्दही तोलून वापरलेले असतात. 'तुरळक ठिकाणी' म्हणजे जिल्ह्यातल्या पंचवीस टक्क्यांपर्यंत ठिकाणी. 'काही ठिकाणी' म्हणजे पंचवीस ते पन्नास टक्के, 'बऱ्याच ठिकाणी' म्हणजे पंचाहत्तरपर्यंत, आणि त्याच्या वर 'बहुतांश ठिकाणी'. गडचिरोली जिल्हा १४,४१२ चौरस किलोमीटरचा. उत्तरेच्या कोरचीपासून दक्षिणेच्या सिरोंच्यापर्यंत सरळ रेषेतच दोनशे किलोमीटरांहून जास्त. एवढ्या मुलखाला एकच अंदाज असतो. कुरखेड्याला पाऊस झाला आणि अहेरी कोरडी राहिली तर अंदाज चुकला असे म्हणता येत नाही. लोक म्हणतात, ते निराळे.

पावसाच्या जोराचेही आकडे ठरलेले आहेत. चोवीस तासांत ६४.५ मिलिमीटरपासून ११५.५पर्यंत 'जोरदार', तिथून २०४.४पर्यंत 'अति जोरदार', त्याच्या वर 'अत्यंत जोरदार'. मिलिमीटर म्हटले की डोळ्यांपुढे काही येत नाही, म्हणून हिशेब असा करावा: एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एका चौरस मीटरवर एक लिटर पाणी. ६५ मिलिमीटर पाऊस झाला तर एका एकरावर २ लाख ६३ हजार लिटर पाणी पडले. बांधीतून ते बाहेर काढायची वाट आधी केलेली बरी. रोजच्या पावसाचा आकडा सकाळी साडेआठ ते दुसऱ्या दिवशीच्या सकाळी साडेआठपर्यंतचा असतो, हेही ध्यानात ठेवावे. रात्री झोडपलेल्या पावसाची नोंद दुसऱ्या तारखेला दिसते ती यामुळे.

इशाऱ्याचे रंग बहुतेकांना पाठ आहेत, अर्थ नाही. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयारीत राहा, लाल म्हणजे आता हालचाल करा. हा रंग नुसत्या मिलिमीटरांवर ठरत नाही, त्या पावसाने काय बिघडू शकते हेही त्यात धरलेले असते. अहेरी, भामरागड, एटापल्ली, सिरोंचा या दक्षिणेकडच्या तालुक्यांनी नारिंगीला लाल समजूनच चालावे, असे या लेखकाचे मत आहे. नाले, कच्चे रस्ते आणि जंगल यांच्यामुळे इथे शहरातल्यापेक्षा एक दिवस आधी उठावे लागते.

यंत्रांचीही एक मर्यादा आहे. नागपूरचे डॉपलर रडार अहेरीपासून दोनशे किलोमीटरांहून थोडे लांब आहे. पृथ्वी गोल, त्यामुळे रडारचा सरळ जाणारा किरण अहेरीवर येईपर्यंत जमिनीपासून जवळपास चार किलोमीटर उंच गेलेला असतो. उंच वाढलेला गडगडाटी ढग त्याला दिसतो. खालून सरकणारे, भुरभुर पाऊस देणारे ढग निसटू शकतात. मोबाइलवरचे रडारचे चित्र कोरे दिसले तरी एकदा बाहेर येऊन आभाळ पाहावे, ते यासाठी.

आभाळ पाहायचे म्हणजे काय पाहायचे? या दिवसांत अहेरीला दोन जातींचा पाऊस येतो. एक दुपारची सर. सकाळी लख्ख ऊन, अंगाची काहिली, बाराच्या पुढे फुलकोबीसारखे पांढरे ढग वर वर चढतात, तीन-चारला काळे होतात, तास-दीड तास बदाबदा कोसळतात आणि संध्याकाळी आभाळ मोकळे. ही सर एका गावात पडते, शेजारच्या गावात नाही. दुसरी जात झडीची. सकाळपासूनच आभाळ भरलेले, खालचे ढग पूर्वेकडून पश्चिमेकडे धावताहेत, वाराही पूर्वेचा, गडगडाट फारसा नाही आणि पाऊस कधी बारीक कधी जोराचा असा चालूच. पूर्वेचा वारा आणि पूर्वेचे ढग दिसले तर दक्षिणेला कुठेतरी कमी दाब येऊन बसला आहे असे समजावे; ही झड दोन दिवसांची असू शकते. सरीला पीक सोसते, कामेही तासाभराने पुन्हा सुरू होतात. झडीचा बेत वेगळा करावा लागतो.

पाऊस गेला हे कसे ओळखायचे? खात्याची कसोटी अशी: सलग पाच दिवस पाऊस नाही, दीड किलोमीटर उंचीवर वारे उलटे, म्हणजे घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरू लागलेले आणि हवेतला ओलावा घटलेला. गावात याच गोष्टी दुसऱ्या रूपात दिसतात. रात्रीचा उकाडा तुटतो, वारा कोरडा होतो, पहाटे गवतावर दव पडते, प्राणहितेच्या पात्रावर धुके उभे राहते. अशा चार पहाटा ओळीने गेल्या की कोयता-विळा काढायला हरकत नाही.

इथवर पावसाचे झाले. पुराचे गणित वेगळे आहे आणि अहेरीत जास्त फसवणूक तिथेच होते. वर्धा आणि वैनगंगा चपराळ्याजवळ एकत्र येऊन प्राणहिता होते, ती अहेरीला वळसा घालत दक्षिणेला जाते आणि सिरोंच्याजवळ गोदावरीला मिळते. म्हणजे अहेरीजवळच्या वांगेपल्लीच्या घाटावर दिसणारे पाणी नागपूर, भंडारा, गोंदिया, वर्धा, यवतमाळ आणि मध्य प्रदेशातल्या सिवनी-बालाघाटचेही असते. ऑगस्ट २०२०च्या अखेरीस वैनगंगेला जो मोठा पूर आला, त्याचा पाऊस मुख्यतः मध्य प्रदेशात पडलेला होता. वरच्या धरणांतून पाणी सुटले, गोसीखुर्द धरणाचे दरवाजे उघडले आणि भंडाऱ्यापासून गडचिरोलीपर्यंतचा काठ बुडाला. तेव्हा आठवड्याचा अंदाज पाहताना अहेरीबरोबर सिवनी, बालाघाट, भंडारा यांचाही रकाना पाहावा. गोसीखुर्दमधून विसर्ग वाढवल्याची बातमी आली की नदीकाठी बांधलेली जनावरे, मोटारपंप, डोंगे वर घ्यावेत. ते पाणी इथवर यायला वेळ लागतो, आणि तयारीला मिळतो तो तेवढाच. डोक्यावर ऊन असताना नदी चढते तेव्हा लोक पोहायला, मासे धरायला उतरतात. तसे करू नये.

भामरागडचे पाणी आणखी निराळे. तिथे पर्लकोटा, पामुलगौतमी आणि इंद्रावती यांचा संगम आहे. इंद्रावती ओडिशातल्या कालाहंडीत उगम पावून बस्तरमधून येते. तिकडे पाऊस झाला की इंद्रावती फुगते, पर्लकोटेच्या पाण्याला पुढे वाट राहत नाही, ते मागे दाबले जाते आणि गावात शिरते. पावसाळ्यात भामरागड वारंवार तुटते ते यामुळेच. आलापल्लीहून पेरमिली, ताडगाव, हेमलकसा करत त्या बाजूला जायचे असेल तर जगदलपूर-बिजापूरकडे काय चालले आहे, हे निघण्याआधी विचारून घ्यावे. नाल्यावरून पाणी वाहत असेल तर ते किती खोल आहे हे पाहायला कोणी उतरू नये. गुडघाभर वाहते पाणी उभ्या माणसाला पाडते, आणि पाण्याखाली पूल आहे की खचून गेला आहे हे काठावरून दिसत नाही. पाणी उतरेपर्यंत थांबावे. उमरखेडची बस आठवावी.

दवाखान्याचा बेत याच आठवड्यात आधी करावा. ज्या बाईचे दिवस भरत आले आहेत आणि गाव नाल्यापलीकडे आहे, तिला नारिंगी इशारा येताच, किंवा त्याहीआधी, प्राथमिक आरोग्य केंद्राजवळच्या, बाळंतपणाआधी राहायच्या माहेरघरात किंवा अहेरीत नातेवाइकांकडे आणून ठेवावे. रक्तदाब, मधुमेह, मिरगी यांच्या गोळ्या निदान पंधरा दिवसांच्या घरात असाव्यात. पाऊस थांबल्यावर साचलेल्या पाण्यात डास वाढतात. राज्यात हिवताप जास्त आढळणाऱ्या जिल्ह्यांत गडचिरोली मोडतो, आणि पावसाळा सरतानाचे हे दिवस त्याला पोषक असतात. ताप आला तर अंगावर काढू नये, आशाताईंकडून त्याच दिवशी रक्ततपासणी करून घ्यावी.

आता पुन्हा बांधीत. समोरच्या तक्त्यात निदान चार कोरडे दिवस ओळीने दिसत असतील तरच हलका धान कापावा, आणि एका दिवशी तेवढाच कापावा जेवढ्याचे भारे बांधून पुंजणे घालता येईल. मजूर मिळाले म्हणून सगळी बांधी एकदम आडवी करण्याचा मोह होतो. नुकसान तिथेच होते. दोन दिवसांत झडीचा इशारा असेल तर उभे पीक उभेच राहू द्यावे. उभ्या लोंबीवरून पाणी निथळते. जमिनीवर पडलेला कडपा पाण्यात भिजत राहतो आणि दाण्याला कोंब फुटतो. कापून झालेच असेल तर वाळलेले कडपे गोळा करून उंच धुऱ्यावर, लोंब्या आत घेऊन पुंजणे रचावे आणि वरून ताडपत्री टाकावी. ओले कडपे मात्र कधीही रचू नयेत, आत ऊब धरून दाणा काळवंडतो. ते ऊन पडताच उलटून पसरावेत. कापणीच्या आठ-दहा दिवस आधी बांधीतले पाणी काढून टाकावे, म्हणजे जमीन टणक होते आणि पुढच्या पावसात चिखल कमी होतो. आधारभूत खरेदी केंद्रावर १७ टक्क्यांहून जास्त ओलावा असलेला धान घेत नाहीत. केंद्र सुरू व्हायला अवकाश असला तरी वाळवण आतापासूनच मनात धरावी.

भारी धान अजून निसवणीत किंवा दाणे भरण्याच्या अवस्थेत असतो. त्याला पावसापेक्षा पावसानंतरची दमट, ढगाळ हवा जास्त जाचते. तुडतुडे वरून दिसत नाहीत. ते चुडाच्या बुंध्याशी, पाण्याच्या जरा वर बसतात. वाकून, चूड बाजूला करून पाहावे. दिसले तर तीन-चार दिवस पाणी काढून बांधी सुकू द्यावी आणि युरियाचा हात आखडावा, कारण हिरव्यागार लुसलुशीत पिकावर ते आधी तुटून पडतात. फवारणी करायचीच झाली तर कृषी सहायकाला विचारून, पुढचे काही तास पाऊस नसल्याचे पाहून, बुंध्यावर करावी. सकाळी नऊ ते बारा या वेळात धानाची फुले उघडतात, तेव्हा फवारू नये. रात्री गार आणि दव जास्त, असे दिवस सुरू झाले की करप्यावर लक्ष ठेवावे. सिंदेवाहीच्या विभागीय कृषी संशोधन केंद्राकडून पूर्व विदर्भासाठी दर मंगळवारी आणि शुक्रवारी हवामानावर आधारित कृषी सल्ला निघतो. मराठीत असतो, फुकट असतो आणि वाचणारे फार थोडे असतात.

चंद्रपूरकडे, वरोरा-भद्रावती पट्ट्यात याच सुमारास सोयाबीन काढणीला येते; कापलेल्या सोयाबीनची गंजी उघडी राहून एक झड सोसली की शेंगेतच दाणा उगवतो. ताडपत्री आधी, मजूर नंतर, हा क्रम तिथे बदलू नये.

नुकसान झालेच तर एक आकडा पाठ असावा. महसूल मंडळात चोवीस तासांत ६५ मिलिमीटरहून जास्त पाऊस नोंदला गेला की सरकारी भाषेत ती अतिवृष्टी. तो पाऊस मंडळातल्या यंत्रावर मोजला जातो, शेतकऱ्याच्या बांधीत नव्हे. म्हणून तारीख-वेळ दिसेल असे फोटो काढून तलाठ्याला लगेच कळवावे आणि पंचनाम्याला स्वतः हजर राहावे. पीक विम्याचे पैसे २०२५च्या खरिपापासून राज्यात पीक कापणी प्रयोगातल्या उत्पन्नावर ठरू लागले, त्यामुळे जुन्या तक्रारींच्या पद्धतीवर विसंबू नये. त्या हंगामाचा नियम कृषी कार्यालयात विचारून घ्यावा.

सर्वांत घाईचा इशारा विजेचा. आठवड्याच्या तक्त्यात तो 'मेघगर्जनेसह' एवढ्या शब्दात येतो, आणि प्रत्यक्षात हाताशी असतो अर्धा तास. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने केलेले 'दामिनी' हे ॲप आपल्याभोवती वीस आणि चाळीस किलोमीटरांत वीज पडते आहे का ते दाखवते. पण जागलीला किंवा गुरांमागे गेलेल्या माणसाला जंगलात नेटवर्क कुठले? त्याने आकडे मोजावेत. वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत तीस मोजून झाले नाहीत, तर वीज दहा किलोमीटरांच्या आत आहे. लगेच पक्क्या घरात जावे. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडू नये. वावरातले एकटे मोहाचे झाड हा आसरा नव्हे, मचाणही नव्हे. घर जवळ नसेल तर सखल जागी, पाण्यापासून दूर, पाय जुळवून उकिडवे बसावे, आणि चारचौघे असतील तर एकमेकांपासून लांब बसावे.

या आठवड्यांत अहेरीला आणखी एक गोष्ट असते: दसरा. राजघराण्याच्या या दसऱ्याला दूरदूरच्या गावांतून माणसे येतात, रात्री उशिरा परततात, आणि वाटेत नाले असतात. २०२५मध्ये दसरा २ ऑक्टोबरला, ऐन माघारीच्या दिवसांत आला. २०२६मध्ये अधिक महिन्यामुळे तो २० ऑक्टोबरला आहे, म्हणजे पाऊस देशाबाहेर जाण्याच्या सरासरी तारखेनंतर. तरीही येणाऱ्यांनी आदल्या दिवशीचा इशारा पाहून निघावे आणि आभाळ भरले तर रात्र अहेरीतच काढावी.

मान्सून गेल्याची घोषणा झाली म्हणून ताडपत्री घडी घालून माळ्यावर टाकू नये. उपसागरातल्या वादळांचा हंगाम त्यानंतर सुरू होतो. २०२५मध्ये मान्सून ऑक्टोबरच्या मध्याला देशातून गेला होता. २८ ऑक्टोबरच्या रात्री 'मोंथा' चक्रीवादळाने काकीनाड्याच्या बाजूला किनारा ओलांडला, आणि त्याचा पाऊस तेलंगणातून पूर्व विदर्भात आला तेव्हा धानकापणीचे दिवस होते.